'अंधाधुन' पाहिला. बरा आहे, पण बाजू कोणाची घ्यायची?

फावल्यावेळी (धागाकर्ता)

मी सिनेमाचा दर्दी नाही, हे आधीच सांगतो. कॅमेरा कुठे लावलाय, प्रकाश कुठून येतोय यातलं मला काही कळत नाही. गोष्ट सरकते का आणि मध्येच मोबाईल हातात घ्यावासा वाटतो का, एवढ्यावर माझा निकाल. श्रीराम राघवन यांचा 'अंधाधुन' (२०१८) इतकी वर्षं राहूनच गेला होता, तो या शनिवारी घरच्यांबरोबर बघितला. ज्यांनी तेव्हाच थेटरात पाहून, भांडून, विसरूनही टाकला असेल त्यांनी हलके घ्या. ज्यांनी पाहिलाच नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, मी शेवटासकट सगळं फोडणार आहे.

निकाल असा की मोबाईलला हात लागला नाही. सव्वादोन तास कधी संपले कळलं नाही.

गोष्ट थोडक्यात. आकाश (आयुष्मान खुराना) पुण्यातला पियानोवाला. दिसतं त्याला चांगलं, पण आंधळा असल्याचं सोंग घेतलंय. एका जुन्या हिरोने, म्हणजे प्रमोद सिन्हाने (अनिल धवन), लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चकित करायचं म्हणून त्याला घरी वाजवायला बोलावलेलं असतं. हा पोचतो तेव्हा प्रमोद जमिनीवर मरून पडलेला. बायको सिमी (तब्बू) समोर, तिचा यार बाथरूममध्ये. आणि आकाशला हे सगळं दिसतंय, पण दिसतंय असं दाखवायचं नाही. तो वाजवत बसतो आणि मागे ती दोघं प्रेत बॅगेत भरतात. सगळं मुकाट, पियानोच्या तालावर. हा प्रसंग संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ आपणही तोंडातून आवाज काढलेला नाही. पुढे पोलिसात जावं तर बाथरूममधला यार म्हणजेच इन्स्पेक्टर मनोहर.

इथपर्यंत झकास. माझी अडचण पुढे आहे. थ्रिलरमध्ये मला एक तरी माणूस लागतो, ज्याच्यासाठी जीव खालीवर व्हावा. इथे कोण? आकाश पहिल्यापासून लबाड. सिमी तर खुनी. मनोहर भ्रष्ट. शेजारचा पोरगा बंडू आकाशचं सोंग मोबाईलवर टिपणारा. डॉक्टर किडन्या विकणारा. लॉटरीवाली आणि रिक्षावाला ज्याला वाचवतात त्यालाच लुबाडायला निघतात. बरं, कोणी एक तरी नीट वाईट असावा, तेही नाही. सिमी बघून आमच्या सौ. म्हणाल्या, "अडकलीय बिचारी." बिचारी! शेजारच्या म्हातारीला हिनेच बाल्कनीतून खाली ढकललं, ते बघून पाच मिनिटं झाली नव्हती.

लेकीचं तिसरंच. ती म्हणते, शेवटी आकाश काठीने डबा उडवतो म्हणजे त्याला दिसतंय, आणि दिसतंय म्हणजे मधलं सगळं त्याने रचलेलं. मी म्हटलं, सगळं रचलेलं असेल तर मी एवढा वेळ काय बघितलं?

तर जाणकारांनो, तुम्ही हा सिनेमा बघताना कोणाच्या बाजूने होतात? आणि शेवटाचं काय ते एकदा सांगून टाका.

सातारी_कंदी

धागा चांगला. रुमाल टाकून ठेवते, रात्री सविस्तर लिहीन. तोवर पॉपकॉर्न.

बाल्कनीतला

फावल्यावेळी, तुमच्या लेकीला माझ्यातर्फे शाबासकी द्या.

शेवटाबद्दल बोलण्याआधी सुरुवात आठवा. काळ्या पडद्यावर आवाज येतो की गोष्ट लांबलचक आहे, कॉफी घेणार का? तो आवाज आकाशचा. म्हणजे सिनेमा सुरू व्हायच्या आधीच गोष्ट सांगणारा ठरलेला आहे. दोन वर्षांनी युरोपात सोफी (राधिका आपटे) भेटते, तिला तो कॉफीवर हे सगळं ऐकवतो. आपण जे बघतो ती आकाशने सोफीला दिलेली जबानी आहे.

आता ससा घ्या. पहिल्याच दृश्यात कोबीच्या शेतात एक शिकारी एका डोळ्याने अधू सशाच्या मागे आहे. तो ससा थेट शेवटाकडे पुन्हा येतो, उडी मारतो, सिमीच्या गाडीच्या काचेवर आदळतो आणि गाडी उलटते. आकाशच्या सांगण्याप्रमाणे तेव्हा तो ठार आंधळा होता आणि रस्त्यावर उभा होता. मग ससा होता हे त्याला कोणी सांगितलं? शिकारी, कोबी, सशाचा अधू डोळा? आणि युरोपात त्याच्या हातात जी काठी आहे तिची मूठ नीट बघा. सशाचं तोंड आहे.

माझा हिशेब सरळ आहे. डॉक्टर स्वामीने गाडीत जो सौदा पुढे ठेवला (सिमीचं यकृत दुबईच्या शेखच्या मुलीला, सिमीचे डोळे तुला), तो आकाशने मान्य केला. पुढचा ससा काठीच्या मुठीवरून सुचलेला.

आणि हो, मूळ कल्पना राघवन यांची नाही, हे ते स्वतःच श्रेयनामावलीत सांगतात. ऑलिव्हिए त्रेनेर यांचा १३-१४ मिनिटांचा फ्रेंच लघुपट आहे, २०१० चा, आंधळ्याचं सोंग घेणाऱ्या पियानो-दुरुस्तीवाल्याचा. कन्नड दिग्दर्शक हेमंत राव यांनी तो राघवन यांना सुचवला आणि पुढे पटकथेतही त्यांचं नाव आहे. लघुपट नेमका त्या क्षणी संपतो जिथे तो वाजवतोय आणि मागे कोणीतरी उभं आहे. राघवन यांनी तिथून पुढे दीड तास काढून दाखवला.

सुपारी_कातर

दीड तास काढला खरा, पण कसा काढला तेही बोला की.

मध्यंतरापर्यंत सिनेमा अव्वल, यात वाद नाही. मध्यंतरानंतर राघवन यांच्या हातातून सुटतो. सिमी आकाशला प्रसादाच्या पेढ्यातून काहीतरी देते आणि तो खरंच आंधळा होतो, इथवर ठीक. तिथून पुढे मात्र किडनीचोर, अपहरण, एक कोटीची खंडणी, लिफ्टमध्ये अडकून स्वतःच्याच गोळीने मेलेला इन्स्पेक्टर, विमानतळाच्या वाटेवर डिकीतून सुटलेली बाई आणि वर तो ससा. एका फ्लॅटमध्ये तीन माणसं आणि एक पियानो असताना जी धाकधूक होती ती पुढे गावभर धावाधाव करूनही आली नाही.

आणि तुम्ही लोक म्हणता तो 'अर्थ ज्याने त्याने लावावा' छापाचा शेवट मला पळवाट वाटतो. लेखकाला ठरवता आलं नाही की प्रेक्षकावर सोपवायचं.

मी कोणाच्या बाजूने होतो? बाल्कनीतून पडलेल्या डिसा बाईंच्या. अख्ख्या सिनेमात खरं बोलायला पोलिसांकडे गेलेली ती एकटी.

कुर्ली

मी सिमीच्या बाजूने! वहिनींना सांगा, त्या एकट्या नाहीत.

तिचं खेकड्याचं दृश्य आठवतंय का? खुनाच्या कितीतरी आधी आहे. नवऱ्याला समजावून सांगते की खेकडा जिवंत उकळत्या पाण्यात टाकायचा नाही, आधी फ्रीजरमध्ये ठेवायचा, म्हणजे तो बधिर होतो आणि त्याला कळत नाही. मालवणात वाढलेल्या माणसाला हे बघून हसूच येतं. आमच्याकडे कुर्ल्यांचे डेंगे आधी मोडतात, बारीक पाय वाटून त्यांचा रस रश्शात जातो, कुर्लीची कोणी विचारपूस करत नाही.

पण हसून झाल्यावर कळलं की ती बाई तिथेच आपली सगळी ओळख देऊन गेली. जीव घ्यायचा, पण नीटनेटका. किंचाळी नको, पसारा नको. ज्याचा घ्यायचा त्याला शेवटपर्यंत कळू नये, हीच तिची दया. पुढे आकाशला पेढा भरवते तो असाच. डिसा बाईंचं काम करते आणि दुसऱ्या क्षणाला चेहरा जागच्या जागी. तब्बू ते करताना भुवईसुद्धा वर नेत नाही.

आणि तिची बाजू का? ती कधीच सुरुवात करत नाही म्हणून. नवरा अचानक घरी उगवला, पियानोवाला अचानक आला, शेजारीण अचानक पोलिसांशी बोलली. दर वेळी प्रसंग अंगावर येतो आणि ही समोर दिसेल ती वाट धरते. वाट भयंकर असते, मान्य. पण आकाशचं सोंग? त्याच्यावर कोणता प्रसंग आला होता? साहेबांना संगीत जास्त एकाग्रतेने ऐकायचं होतं!

मिणमिणता_दिवा

पेशाने डॉक्टर आहे, नेत्रतज्ज्ञ नव्हे, पण या सिनेमाचा विषय निघाला की दवाखान्यात आमचं हमखास हसू होतं. रच्याकने (म्हणजे जाता जाता) चार गोष्टी नोंदवतो.

पेढ्यात काय होतं ते सिनेमा सांगत नाही. विषाने दृष्टी जाते तेव्हा बहुतेक वेळा डोळ्यामागची नस जाते. २०१५ साली मालाड-मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्या दारूत मिथेनॉल होतं आणि मिथेनॉल नेमकं ही नस खातं. नस गेली असेल तर डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, बदलून शून्य उपयोग. कॅमेऱ्याची फिल्म जळल्यावर भिंग पुसण्यासारखं ते. तेव्हा सिमीचे कॉर्निया घेऊन आकाशला दिसू लागणं अवघड आहे.

दुसरं, कॉर्नियासाठी कोणाला मारायची गरज नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत काढलेले कॉर्निया चालतात, रक्तगटही जुळवावा लागत नाही. स्वामीसारख्या माणसाला ते सहज मिळाले असते.

तिसरी गंमत रक्तगटाची. सिमीचा गट एबी निगेटिव्ह, दुर्मीळ, आणि शेखच्या मुलीचाही तोच, म्हणून सिमी सोन्याची खाण, असं स्वामी सांगतो. हे उलटं आहे. एबी गटाच्या रुग्णाला ए, बी, ओ, एबी कोणाचंही यकृत चालू शकतं. पॉझिटिव्ह-निगेटिव्हला यकृताच्या बाबतीत फारसं महत्त्व नाही. दाता शोधायला सगळ्यात कमी त्रास कोणाला होत असेल तर त्या मुलीला. शिवाय जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा पुरतो, उरलेलं वाढतं.

आणि अवयवांची खरेदी-विक्री आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे जाता जाता.

बाजू? झाकीर हुसेन यांच्या डॉक्टर स्वामीची नक्कीच नाही. नाव खराब केलं आमचं.

बाल्कनीतला

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून उडी मारली! हे वैद्यकीय घोळ कोणाचे? लेखकांचे नव्हेत, आकाशचे! पियानो वाजवणारा पोरगा, त्याला यकृत आणि कॉर्नियातलं काय कळणार? सोफीला थाप मारताना कानावर पडलेले शब्द जुळवले. म्हणून रक्तगट उलटा. केस अजून भक्कम झाली.

सुपारी_कातर

वा रे वा. म्हणजे यापुढे कुठल्याही सिनेमात कुठलीही चूक सापडली की 'पात्र खोटं बोलतंय' म्हणायचं आणि सुटायचं. पटकथा लिहायला पाच जण होते. राघवन, अरिजित बिस्वास, पूजा लढा सुरती, योगेश चांदेकर, हेमंत राव. राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला त्या पटकथेला. पाचांपैकी एकाने डॉक्टरला फोन केला असता तर काय बिघडलं असतं?

तुमच्या मताला एक तरी अट घाला, बाल्कनीतले. 'हे दृश्य खरं, हे खोटं' कशावरून ठरवायचं? की आवडलं ते खरं आणि फसलं ते आकाशने रचलेलं?

फावल्यावेळी (धागाकर्ता)

सुपारी_कातर यांचा प्रश्न मलाही पडला. पुन्हा बघायला बसलो तर सिमी आणि मनोहर एकटे असतात तेव्हाचे प्रसंगही दिसले. मनोहरच्या घरी त्याच्या बायकोबरोबरचे (अश्विनी काळसेकर, काय धमाल केलीय त्या बाईंनी!) प्रसंग दिसले. लिफ्टमध्ये मनोहर मेला तेव्हा आत कोणी नव्हतं. हे सगळं आकाश सोफीला कसं सांगेल? मग तेही रचलेलं? तसं असेल तर खरं काहीच उरत नाही. प्रमोद सिन्हा तरी होता की नाही!

सातारी_कंदी

आले. सगळं वाचलं. आता रुमाल उचलते.

सुपारी_कातर यांनी अट मागितलीय. माझी अट ही: खोटं बोलणारा माणूस उगाच खोटं बोलत नाही, स्वतःच्या सोयीचं बोलतो. तेव्हा गोष्टीत कोणाची सोय झालीय ते बघायचं.

मरणाऱ्यांची यादी घ्या. प्रमोद आणि डिसा बाई, ही दोन मरणं मध्यंतराच्या आधीची. तेव्हा आकाशला दिसत होतं. त्याबद्दल खोटं बोलायचं त्याला कारण नाही. आता तो आंधळा झाल्यानंतरची मरणं बघा. रिक्षावाल्या मुरलीला मनोहरची गोळी लागली. मनोहर स्वतःच्या गोळीने मेला. डॉक्टर स्वामीला सिमीने मारलं. सिमीला सशाने! खंडणीचा बेत आकाशचा, सिमीच्या अपहरणात आकाश सामील, आणि पटापट माणसं मेली तरी याचे हात दर वेळी स्वच्छ. वर डॉक्टरच्या मोहाला याने बाणेदार नकार दिला. एवढी नेमकी सोय आयुष्यात कोणाची होते?

म्हणून मला रक्तगटावरून काही सिद्ध करायची गरज वाटत नाही. तो घोळ लेखकांचाच असेल, खुशाल असो. ससा मात्र लेखकांचा घोळ नाही. ज्या मरणाचा सगळ्यात जास्त फायदा आकाशला आहे, नेमकं तेच मरण एका बिनबापाच्या, बिनसाक्षीच्या अपघाताने होतं. आणि त्याच अपघाताची खूण त्याच्या काठीवर आहे.

मनोहरच्या घरचे प्रसंग त्याला माहीत असायचं कारण नाही, खरंय. पण तिथे त्याचा काही फायदाही नाही, तेव्हा ते मी दिग्दर्शकाचे धरते आणि सोडून देते. सिनेमाला कोर्टाइतकं कडक कशाला करायचं.

मिणमिणता_दिवा

सातारी_कंदी, +१. रक्तगटाचा मुद्दा मागे घेत नाही, पण तुमचा जास्त पटला.

जुनी_रेकॉर्ड

तुमचं कोर्टकचेरीचं चालू द्या, मी दुसऱ्याच कारणासाठी आलो.

अनिल धवनबद्दल कोणी लिहिणार की नाही? हा माणूस १९७० च्या 'चेतना'चा नायक. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेला. राघवनही तिथलेच. प्रमोद सिन्हा आपल्या फ्लॅटमध्ये आपलेच जुने सिनेमे, जुनी गाणी बघत बसतो, ती खरीखुरी अनिल धवनच्या तरुणपणातली आहेत. आणि सिनेमा अर्पण केलाय दूरदर्शनच्या 'छायागीत' आणि 'चित्रहार'ला. ज्यांनी बुधवार-शुक्रवार गाण्यांसाठी टीव्हीसमोर जागा धरली त्यांना ही पाटी बघून काय झालं असेल ते मी सांगत नाही.

धागाकर्ते विचारतात बाजू कोणाची. मी प्रमोदच्या बाजूचा. त्याचा दोष एवढाच की बायकोला आनंद व्हावा म्हणून न सांगता घरी आला. सगळ्या सिनेमात कपटाशिवाय केलेली एकच गोष्ट, आणि तिच्यामुळे सात-आठ माणसांचं वाटोळं. यांच्या खुनावर कोणी दोन मिनिटं हळहळलं नाही, ना सिनेमात, ना या धाग्यावर.

कुर्ली

जुनी_रेकॉर्ड काका, तो दिवसभर स्वतःचेच सिनेमे बघायचा! सिमीचा विचार करा की जरा. (ह. घ्या.)

छाया कदम यांच्याबद्दलही कोणी लिहिलेलं नाही. 'फँड्री' आणि 'सैराट'मधल्या त्याच. त्यांची सखू हातावर शंकर गोंदवून लॉटरी विकते. आकाशला किडनीच्या टेबलावरून उठवलं ते त्या गोंदणाच्या आठवणीने, आणि पुढे त्याला बांधून पैसे घ्यायला जाते तीही तीच. दोन्हीत तिला काही विसंगत वाटत नाही. देवाचं देवाला, पैशाचं पैशाला. अशा दोन-तीन बाया मी आमच्या आळीत बघितल्यात, वाईट अजिबात नाहीत.

टेक्सासकर

इकडे ह्यूस्टनला तेव्हा थेटरात पाहिला होता, मराठी मंडळाच्या आठ-दहा जणांनी. बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये अर्धा तास हाच वाद. मी तेव्हाही हेच म्हणत होतो की तुम्ही सगळे सोफीला सोडून देताय.

ती एकटी निर्मळ आहे, बरोबर? स्कूटरची धडक बसली म्हणून आकाशला सावरते, वडिलांच्या रेस्टॉरंटमध्ये काम मिळवून देते, प्रेम करते. बंडूच्या मोबाईलवरून सोंग कळतं तेव्हा दुखावून निघून जाते. प्रेक्षकाने जिच्याकडे बघून 'चला, एक तरी माणूस नीट आहे' म्हणावं अशी.

आणि तीच शेवटी सगळी गोष्ट ऐकून काय म्हणते? डॉक्टरचं ऐकायला हवं होतंस! सिमीचे डोळे घ्यायला हवे होतेस! म्हणजे एका बाईला बेशुद्ध करून तिचं यकृत काढायचं, डोळे काढायचे, हे तिला चालेल, कारण समोर बसलेल्या आवडत्या माणसाला दिसू लागलं असतं. कॉफी संपायच्या आत ती एका खुनाला होकार देऊन मोकळी होते. हातात चाकू नाही एवढंच. मला त्या एका वाक्याने जेवढा हादरा बसला तेवढा बॅगेतल्या प्रेताने नाही बसला.

सातारी_कंदी

टेक्सासकर, हे सुटलंच होतं माझ्याकडून. आणि आता त्यापुढची पायरी बघा.

सोफी असं म्हणते तेव्हा आकाशला काय करता आलं असतं? 'घेतलेच मी ते डोळे' एवढं म्हणायचं होतं. ज्या गोष्टीसाठी तो दोन वर्षं थाप घोळवत बसला असेल त्याची तिने आपणहून माफी देऊन टाकली. दार सताड उघडं. तरी तो गप्प. पाठ फिरवतो, काठी टेकत रस्त्याला लागतो आणि डबा उडवतो.

सुरुवातीला त्याच्या सोंगाला निमित्त होतं, संगीत म्हणा, सहानुभूती म्हणा. मग जीव वाचवायला सोंग घ्यावं लागलं. शेवटी कुठलंच कारण उरलेलं नाही, समोर प्रेम करणारी बाई आहे, ती रागावणारही नाही, आणि तरी त्याला खरं बोलता येत नाही. मला वाटतं डबा त्याबद्दल आहे. डोळे आहेत की नाहीत हा प्रश्न त्यामानाने किरकोळ.

सुपारी_कातर

हे मात्र मान्य. उत्तरार्ध फसलाय हे मत कायम आहे, पण असा वाचला तर शेवट पळवाट वाटत नाही.

फक्त एक. डबा उडवायचं कामही आंधळा माणूस करू शकतो. काठी फिरवताना डबा लागतो, उडतो. रस्त्यावर रोज होतं.

बाल्कनीतला

इतक्या नेमाने? काठी मागे घेऊन?

सुपारी_कातर

पुन्हा लावून बघितलं. नेम आहे. ठीक आहे.

फावल्यावेळी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. धाग्याची एवढी पानं होतील असं वाटलं नव्हतं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला थोडं थोडं सापडलं असं वाटतंय, आणि ते वेगळ्याच बाजूने आलं. मी नाही नाही म्हणत आकाशच्याच बाजूने होतो. त्या पियानोच्या प्रसंगात श्वास रोखला तो त्याच्यासाठी. तो लबाड आहे हे माहीत असून. आता विचार करतो तर त्याचं कारण त्याचा स्वभाव नाही, आमची जागा आहे. त्याला दिसतंय हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत आहे, त्याला आणि मला. एकदा त्याच्या गुपितात सामील झालो की मी त्याचा माणूस. सिमीला कळू नये, मनोहरला कळू नये, बंडूला कळू नये, अशी माझीच घालमेल. आपल्याला जो गुपित सांगतो तो आपल्याशी तरी खरं बोलत असणार, असं आपण धरून चालतो.

आणि राघवन यांनी शेवटच्या मिनिटाला मलाही सोफीच्या खुर्चीत नेऊन बसवलं. सौ. सुरुवातीपासून सिमीच्या बाजूने असल्याने त्यांचं यात काहीच नुकसान झालं नाही, हे त्या दोनदा सांगून गेल्या.

'जॉनी गद्दार' (२००७) आणि 'बदलापूर' (२०१५) यादीत टाकलेत. दोन्हीकडे राघवन आणि दोन्हीकडे अश्विनीबाई आहेत असं लेकीने सांगितलंय. आणखी काही असेल तर सुचवा, पण शेवट फोडू नका.

टेक्सासकर

'बदलापूर' बघाच. तिथे बाजू घेतल्याचा जास्त पश्चात्ताप होईल.

बाल्कनीतला

तेलुगू, मल्याळम, तमिळ अशा तिन्ही भाषांत याच्या आवृत्त्या निघाल्या आहेत, २०२१ मध्ये दोन आणि २०२४ मध्ये एक. चीनमध्येही २०१९ साली धो धो चालला होता. तिथल्या लोकांनीही डब्यावरून डोकी फोडली असणार.

मिणमिणता_दिवा

एक शंका राहिली. प्रमोदची मुलगी, दानी. पहिल्या बायकोची. वडिलांचा खून झाला, सावत्र आई नाहीशी झाली, पियानो शिकवणारा मास्तरही गायब. तिचं पुढे काय झालं? सिनेमाने विचारलं नाही आणि आपणही इतके प्रतिसाद होईपर्यंत विचारलं नाही.

कुर्ली

खरंच की हो.

जुनी_रेकॉर्ड

फ्लॅट तिच्या नावावर झाला असेल. पण सावत्र आई 'बेपत्ता' असताना वारसनोंद करायची म्हणजे सोसायटीच्या सचिवापासून सुरुवात. पुण्यातली सोसायटी आहे ती, दोन वर्षांत काम झालं असेल तर मी ससाही खरा मानायला तयार आहे.